उरलेल्या गोळ्यांचा डबा

(जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या महिला गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढून टाकली आहे.)



आजच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरातली उरलेली औषधे पिशवीत घालून आणावीत, असा निरोप मी पाठवला तेव्हा काहीजणींना वाटले असेल की ताईंनी आता मेडिकलचे दुकान काढायचे ठरवले आहे. एक आक्का तर दारातच म्हणाल्या, "पैसा लागेल शेतस, फेकू कशी?" ह्या एका प्रश्नात आजचा निम्मा विषय आला. पैसे मोजून आणलेली वस्तू बाईच्या हातून टाकवत नाही. आपण शिळ्या भाकरीचा कुस्करा करतो, जुन्या लुगड्याची गोधडी शिवतो. मग वीस-तीस रुपयांची गोळी, जी कुणाच्या तरी दुखण्यासाठी आणली होती, ती कशी टाकायची? म्हणून ती डब्यात जाते. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, फडताळातली पिशवी, देवघराच्या खालचा खण. डबा भरला की दुसरा.

तुम्ही आणलेल्या पिशव्या मी ह्या सतरंजीवर रिकाम्या केल्या आहेत. जरा जवळ या आणि बघा. तापाच्या गोळ्या आहेत, त्या सगळ्यांच्याच घरात असतात. अँटिबायोटिकच्या अर्ध्या राहिलेल्या पट्ट्या आहेत, मागे लाल उभी रेघ असलेल्या. लाल रेघ म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही अशी खूण आहे, २०१६ साली सरकारने त्याची जाहिरातही केली होती, पण आपल्याला ती नक्षी वाटते. खोकल्याच्या बाटल्या आहेत, तळाशी साखर जमलेल्या. गोरे होण्याचे म्हणून वापरलेले मलम आहे, ज्यात स्टेरॉइड असते. २०१८ पासून अशी स्टेरॉइडची मलमे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, तरी मिळते कशी हे तुम्हीच सांगा. इन्सुलिनच्या सुया एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, टोपणाशिवाय. गुरांचे इंजेक्शनही आहे एक. आणि लाल गोळ्या. किती तरी लाल गोळ्या.

ह्या लाल गोळ्यांपासूनच सुरुवात करू.

ह्या लोहाच्या गोळ्या आहेत. गरोदर बाईला सरकार १८० देते, बाळंत झाल्यावर आणखी १८०. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. आपल्याकडच्या बायकांच्या अंगात रक्त कमी, म्हणून ही योजना चांगलीच आहे आणि आशाताई त्या वाटण्यासाठी उन्हातान्हात फिरतात. पण गोळी घेतली की मळमळते, शौचाला काळे होते, खडा होतो. सासू म्हणते, बाळ काळे होईल. मग बाई ती घेत नाही, आणि आशाताईला वाईट वाटू नये म्हणून 'घेते ना' असे सांगते. गोळ्या डब्यात राहतात. त्या लाल असतात, वर साखरेचे आवरण असते, आणि डबा ज्या घरात आहे त्याच घरात दीड-दोन वर्षांचे रांगणारे, चालणारे मूल आहे. कारण त्या गोळ्या त्याच मुलाच्या वेळच्या आहेत.

चोपडा तालुक्यातल्या एका पाड्यावर असे झाले. मूल ओट्यावर खेळत होते, आई कापूस वेचायला गेलेली, आजीचा डोळा लागला. पोराचे ओठ लाल झालेले पाहून आजीला वाटले, पान खाल्ले असेल कुणाच्या हातून. मग उलट्या सुरू झाल्या, उलटीत रक्त. नंतर थांबल्या. पोर जरा हसायलाही लागले. घरचे म्हणाले, विष उतरले. लोहाच्या विषबाधेत सगळ्यात फसवे हेच असते. आधी उलट्या-जुलाब, मग काही तास मूल बरे दिसते, आणि त्याच वेळात लोह यकृताला खात असते. नशिबाने गावातल्या आशाताईने ऐकले नाही, तिने जीप करून त्याला जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवले. पोर वाचले. तिने पट्टीचे रिकामे तुकडे बरोबर दिले होते, त्यामुळे डॉक्टरांना काय आणि साधारण किती पोटात गेले ते कळले. हे लक्षात ठेवा: पट्टी किंवा बाटली बरोबर न्यायची, मिठाचे पाणी पाजून उलटी करवायची नाही, आणि मूल बरे दिसते म्हणून घरी थांबायचे नाही.

त्या आईला सगळ्यांनी बोल लावले. नवरा, सासरा, गाव. गोळ्या घरात ठेवल्याच कशाला म्हणून. कुणी हे विचारले नाही की गोळ्या तिने का घेतल्या नाहीत, मळमळ होते हे तिने कुणाला सांगितले होते का, जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो हे तिला कुणी सांगितले होते का. आणि हेही नाही विचारले की नको असलेल्या गोळ्या तिने कुठे परत द्यायच्या होत्या.

उरलेल्या औषधांची ही गोष्ट मला एरवी कचऱ्याची गोष्ट वाटली असती. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात कचरा हा वेगळा विषय होता आणि स्त्रिया हा वेगळा. पण डबे उघडायला लागल्यावर ध्यानात आले की डबा हा घराचा हिशेब असतो. मी कितीतरी घरांत हा खेळ केला आहे: डबा ओता आणि कुठली गोळी कुणाची ते सांगा. पुरुषाचे औषध संपते. त्याची पट्टी रिकामी असते, नाहीतर नसतेच. त्याला ताटाशेजारी गोळी आणि पाण्याचा तांब्या ठेवणारी कुणीतरी असते. उरते ते तिचे. रक्तदाबाची गोळी महिनाभर घेतली, डोके दुखायचे थांबले, मग तिने स्वतःच बंद केली, कारण पुढच्या महिन्याचे पैसे पोराच्या फीला लागले. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची, पण सकाळी उपाशीपोटी तिला पाणी भरायचे असते, भाकरी थापायच्या असतात. टीबीच्या गोळ्या माहेरी असताना नियमित, सासरी आल्यावर बंद, कारण सासरी सांगितलेले नाही. मनाच्या आजाराच्या गोळ्या तर पिठाच्या डब्यात सापडतात. मी ह्याची टक्केवारी काढलेली नाही, तुम्ही आपापल्या गटात हा खेळ करून बघा आणि मला खोटे ठरवा.

तेव्हा टाकायच्या आधी एक थांबा. डब्यात अर्धी पट्टी दिसली की पहिला प्रश्न, हे औषध थांबवायला डॉक्टरने सांगितले की परिस्थितीने? परिस्थितीने थांबवले असेल तर ते कचऱ्याचे काम नाही, ते आपल्या गटाचे काम आहे. टीबीचे असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात जायचे.

आता उरलेल्या गोळ्या वाटून टाकण्याबद्दल बोलते. हे काहीजणींना टोचेल. शहरातल्या सुखवस्तू घरांत उरलेली पोळी, उरलेली साडी आणि उरलेली गोळी ही तिन्ही कामवाल्या मावशीकडे जातात. "तुझ्या पण गुडघ्याला दुखते ना, घे." देणारीचा हेतू वाईट नसतो. पण मावशीला मधुमेह आहे का, तिचे मूत्रपिंड ठीक आहे का, दुसरी कुठली गोळी चालू आहे का, हे देणारीला ठाऊक नसते. दुखण्याच्या गोळ्या मूत्रपिंडावर काय करतात ते डायलिसिसच्या रांगेत बसलेल्या बायांना विचारा. आपापसातही आपण हेच करतो. जावेला पोट दुखले, माझी गोळी घे. पोराला ताप, शेजारच्या पोराचे सिरप घे. पाणी घालून हलवलेले अँटिबायोटिकचे सिरप साधारण सात दिवसच टिकते, मग ते कामाचे राहत नाही. डोळ्यांचे थेंब उघडल्यावर महिन्याभरात संपवायचे असतात. बाटलीवरची तारीख ही न उघडलेल्या बाटलीची असते.

आणि सगळ्यात धोक्याचे म्हणजे पाळी आणण्याच्या गोळ्या. एकीच्या उरल्या, दुसरीने घेतल्या. गर्भपात हा आपला कायदेशीर हक्क आहे, १९७१ पासून आहे, २०२१ च्या दुरुस्तीने तो काही बाबतींत २४ आठवड्यांपर्यंत वाढला. पण गोळ्यांनी गर्भपात हा ९ आठवड्यांपर्यंतच आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली करायचा असतो. गर्भ गर्भाशयाबाहेर राहिला असेल तर गोळीने तो पडत नाही, नळी फुटून बाईचा जीव जातो. मैत्रिणीची मदत करायची असेल तर गोळी देऊ नका, तिच्याबरोबर दवाखान्यात जा.

घरात साठलेल्या औषधांचा आणखी एक धोका आहे आणि तो बोलायला जड जातो. आपला भाग कापसाचा. घरोघरी फवारणीचे औषध असते आणि त्याने किती जीव घेतले ते आपण पाहिले आहे. भांडण झाले, मारहाण झाली, त्या एका घटकेत हाताशी जे असेल ते बाई पिते, गिळते. पुष्कळ जणी वाचल्यावर सांगतात, मला मरायचे नव्हते, मला ते थांबवायचे होते. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातली तेव्हा तिथल्या आत्महत्या मोठ्या प्रमाणात कमी झाल्या. दुःख काही बंदीने कमी झाले नसेल, पण त्या घटकेला हाताशी विष नव्हते आणि घटका गेली. घरातल्या औषधांचेही तेच आहे. ज्या घरात असा ताण आहे असे तुम्हाला ठाऊक आहे तिथे डबा रिकामा करून घेणे हे आपले पहिले काम समजा. आणि बोलायला माणूस हवे असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येते. मारहाणीसाठी १८१. हे क्रमांक गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

आता टाकायचे कुठे?

मी एका नगरपालिकेत हाच प्रश्न घेऊन गेले होते. तिथले साहेब भले होते, चहा दिला. म्हणाले, "ताई, घंटागाडीत टाका, आणखी काय." मी विचारले, ओल्या कचऱ्यात की सुक्या? ते हसले. मी त्यांना नियम दाखवला. २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांत घरातला घातक कचरा असा प्रकार होता आणि त्यात मुदत संपलेली औषधे, सुया, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर यांची नावे होती. शहरात दर २० चौरस किलोमीटरला अशा कचऱ्याचे एक केंद्र काढायचे होते. त्या हिशेबाने जळगावसारख्या शहरात तीन-चार केंद्रे तरी हवी होती. आता २०२६ चे नवे नियम आले आहेत, त्यांत कचऱ्याचे चार भाग सांगितले आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. औषधे ह्या चौथ्या भागात येतात. म्हणजे कागदावर जागा आहे. साहेबांनी कागद ठेवून घेतला. पुढे काही झाले नाही, म्हणून मी आता एकटी जाणार नाही, आपण पन्नासजणी जाऊ.

दुकानदाराचे बघा. मेडिकलवाल्याकडे मुदत संपलेला माल उरला तर तो घाऊक व्यापाऱ्याकडे आणि तिथून कंपनीकडे परत जातो, त्याची रीतसर व्यवस्था आहे. आपण त्याच दुकानातून घेतलेली तीच गोळी मात्र दुकानाच्या पायरीवरून खाली उतरली की तिचा कुणी वाली नाही. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ साली जी मार्गदर्शक सूचना काढली तिच्यात म्हटले आहे की राज्याच्या औषध खात्याने आणि औषधविक्रेत्यांच्या संघटनांनी मिळून औषधे परत घेण्याची ठिकाणे सुरू करावीत. केरळने त्याच साली कोझिकोडपासून सुरुवात केली, लोकांकडून औषधे गोळा करून शास्त्रशुद्ध रीतीने नष्ट करायची. केरळला जमते ते जळगाव-धुळ्याला का जमू नये? विक्रेत्यांची संघटना आपल्याकडेही मजबूत आहे, संप करायचा म्हटले की एका दिवसात सगळी दुकाने बंद करते.

तोवर काय करायचे ते सांगते. आधी काय करायचे नाही ते. चुलीत घालायचे नाही. पट्टीत प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियम असते, त्याचा धूर चुलीपुढे बसलेल्या बाईच्याच छातीत जातो. दवाखान्याचा कचरा ज्या भट्टीत जाळतात तिचा दुसरा कप्पा हजार अंशांच्या वर तापवावा लागतो, आपली चूल तेवढी तापत नाही. दम्याचा पंप तर आगीत टाकला की फुटतो. मोरीत, गटारात ओतायचे नाही. धुळ्याचे गटार पांझरेला मिळते, पांझरा तापीला, आणि तापी काठच्या गावांना पाणी पाजत सुरतेपर्यंत जाते. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात औषधांचे सगळे अंश निघत नाहीत. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात २००७ साली शास्त्रज्ञांना सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक इतके सापडले की माणसाच्या रक्तातही औषध घेताना तेवढे नसते. अशा पाण्यात जंतू औषधाला सरावतात. कारखान्याचा गुन्हा आपल्या बाटलीपेक्षा लाखपट मोठा आहे हे मला कबूल आहे, आणि कारखान्याला मोकळे सोडून बाईला शिकवणाऱ्यांचा मला राग आहे. पण नदी दोघांची बेरीज करते.

उकिरड्यावरही नाही. तिथे गुरे असतात, कोंबड्या असतात, पोरे असतात. गिधाडांचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. आपल्या लहानपणी मेलेल्या गुरावर गिधाडे उतरत असत असे आजी सांगते ना? गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे ती मेली, औषध दिलेले जनावर मेले की त्याचे मांस खाऊन. २००४ साली हे सिद्ध झाले, २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर देशातली नव्वद टक्क्यांहून जास्त गिधाडे संपली होती. ज्याने ते इंजेक्शन आणले आहे तिने घरी जाऊन नाव वाचावे.

तर करायचे असे. गोळ्या पट्टीतून काढा, कॅप्सूल उघडू नका. वापरलेला चहाचा चोथा, राख, माती किंवा शेण, ज्याला कुणी हात लावणार नाही अशा कशात तरी त्या कालवा, जाड पिशवीत बांधा, वर 'औषध' असे लिहा किंवा लाल खूण करा, आणि ओल्या कचऱ्यात न टाकता घंटागाडीच्या ताईच्या हातात वेगळी द्या. ती खूण तिच्यासाठी आहे. पुण्याच्या 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक बायकांनी वापरलेल्या पॅडच्या पुडीवर लाल ठिपका काढा अशी मोहीम केली, ती ह्याच मागणीची: आमच्या हातात काय येते ते आम्हाला आधी कळू द्या. सुया तर कधीच पिशवीत नाहीत. जाड प्लॅस्टिकची बाटली किंवा पत्र्याचा डबा घ्या, सुया त्यात टाका, झाकण चिकटपट्टीने बंद करा आणि जिथून इन्सुलिन लिहून देतात त्या दवाखान्यात द्या. रिकाम्या पट्ट्या कात्रीने कापा आणि बाटलीवरचे लेबल खरवडा. नाहीतर मुदत संपलेला माल पुन्हा भरून विकणारे महाभाग आहेत.

ज्या गावात घंटागाडी येत नाही तिथे मी पुरायला सांगत नाही, विहीर कुठे आहे ते आपल्याला माहीत असते पण भूजल कुठून जाते ते माहीत नसते. एक झाकणाचा डबा गटाने ठेवावा, कुलपात, आणि दर दोन-तीन महिन्यांनी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात नेऊन तिथल्या कचऱ्याबरोबर घ्यायची विनंती करावी. दोन ठिकाणी घेतले, एका ठिकाणी परत पाठवले. जिथे परत पाठवले तिथे पोच मागा, लेखी नकार मागा. लेखी म्हटले की माणसे विचार करतात.

एक अपवाद आहे. कॅन्सरच्या पेशंटला दिलेले मॉर्फिन, फेंटानिलच्या पट्ट्या, ट्रामाडॉल, झोपेच्या डायझेपामसारख्या काही गोळ्या. त्या २०२५ च्या सूचनेत अशा सतरा औषधांची यादी आहे. ती परत देण्याची सोय नसेल तर संडासात टाकून पाणी सोडा असे तिच्यात म्हटले आहे, कारण दुसऱ्या कुणी एकदा घेतले तरी जीव जाऊ शकतो. मला हे आवडलेले नाही, आपल्याकडे संडासाचा शोषखड्डा आणि हातपंप शेजारी शेजारी असतात. म्हणून मी म्हणेन, आधी त्या रुग्णालयात परत न्या जिथून आणले. पण घरात व्यसनी माणूस असेल, पोरे असतील, आणि नेणे होत नसेल तर घरात ठेवू नका. सासू गेल्यावर तिच्या वेदनेचे औषध दोन वर्षे कपाटात ठेवलेले घर मी पाहिले आहे. आठवण म्हणून. त्या वहिनीला मी औषध टाकायला लावले, डबी ठेवू दिली.

आणखी दोन गोष्टी, ज्या कुठल्याच सरकारी सूचनेत सापडणार नाहीत.

पहिली, औषधे टाका पण कागद टाकू नका. डॉक्टरची चिठ्ठी, केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, बिल, एक्सरे. मारहाणीनंतर तुम्ही दवाखान्यात गेला होता याचा तोच पुरावा असतो. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ साली आला, संरक्षण अधिकारी आहेत, पण कोर्टात तारीख लागते तेव्हा बाई म्हणते, कागद मी दिवाळीच्या साफसफाईत जाळले. कितीदा ऐकले आहे मी हे. घरी ठेवणे धोक्याचे असेल तर माहेरी ठेवा, नाहीतर गटाच्या कपाटात.

दुसरी, टाकणे ही बाईची खाजगी गोष्ट असते. 'छाया'ची गोळी नवऱ्याला न सांगता घेणारी बाई रिकामी पट्टी कुठे टाकणार? एचआयव्हीच्या गोळ्यांची बाटली, मनाच्या आजाराची पट्टी, ही कचऱ्यात सापडली की गल्लीला बातमी होते. म्हणून गटाच्या डब्याला वरून चीर असावी, टपालपेटीसारखी, आणि कुणी काय टाकले ते बघायचे नाही. मघाशी मी तुमच्या पिशव्या सगळ्यांसमोर सतरंजीवर ओतल्या, ते चुकलेच माझे. ओतताना एकीचा चेहरा मी पाहिला. पुढच्या बैठकीत असे होणार नाही.

आपल्या चळवळीला औषधांचा विषय नवा नाही. पाळी चुकली का हे बघायला म्हणून दिली जाणारी जास्त मात्रेची संप्रेरके गर्भाला घातक आहेत हे सांगत बायकांचे गट, ग्राहक आणि काही डॉक्टर वर्षानुवर्षे भांडले तेव्हा कुठे १९८८ साली त्यांवर बंदी आली. तेव्हा प्रश्न होता, हे औषध बाईच्या शरीरात का घालता? आता त्याच प्रश्नाचे दुसरे टोक आपल्या हाती आले आहे. गरज नसताना इतके औषध घरात येतेच कसे? तापाला पाच प्रकारच्या गोळ्या लिहिणाऱ्याला विचारायला शिका, ह्यातली कुठली नाही घेतली तर चालेल? दुकानात पूर्ण पट्टीची सक्ती केली तर चिठ्ठीत लिहिलेल्या तेवढ्याच मागा, आणि कापून घेताना तारीख असलेला तुकडा आपल्याकडे येईल असे बघा. आपल्या भागात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि औषधावर लिहिलेले असते, ३० अंशांखाली ठेवा. पत्र्याच्या घरात ठेवलेले औषध तारखेच्या आधीच निकामी होते. तेव्हा साठा करण्यात तोटाच आहे.

आणि घरातल्या सिरपच्या बाटल्या फेकण्याआधी नाव आणि बॅच नंबर वाचायची सवय लावा. २०२५ साली शेजारच्या मध्य प्रदेशात, छिंदवाड्याला, कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या सिरपने लहान मुले दगावली, त्यात विषारी द्रव्य निघाले. आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने त्या बॅचचा इशारा दिला होता. ज्यांच्या घरात लेबल निघालेल्या बाटल्या होत्या त्यांना तो इशारा काय उपयोगाचा?

आता काम वाटून घेऊ. जळगावच्या गटांनी महापालिकेला अर्ज द्यायचा, धुळ्याच्या गटांनी तिथल्या. मसुदा मी आणला आहे, त्यात तीन मागण्या आहेत: केंद्र कुठे आहे ते लेखी कळवा, घंटागाडीवर चौथा डबा लावा, आणि गाडीवरच्या कामगारांना जाड हातमोजे द्या. औषधविक्रेत्यांच्या संघटनेकडे दुसरे पत्र, दुकानात पेटी ठेवण्याबद्दल. ज्यांना वाचून दाखवायला हवे त्यांनी इकडे बसा. आणि ह्या ढिगातली इन्सुलिनची पिशवी ज्यांची आहे त्यांनी जाण्याआधी मला भेटा, माझ्याकडे एक रिकामा डबा आहे.